छोटा ट्रॅक्टर गाडीत चढवताना : रॅम्प लांब ठेवा, जड बाजू वर ठेवा



द्राक्ष, डाळिंब आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात १५ ते २८ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आता रुळले आहेत. निफाड-दिंडोरी असो, तासगाव असो की पंढरपूर-सांगोला, मांडवाखाली व अरुंद ओळींत फिरणारा हा ट्रॅक्टर फवारणी, आंतरमशागत आणि खते देण्याच्या कामी येतो. पण बहुतेकांच्या बागा एकाच ठिकाणी नसतात. एक तुकडा घराजवळ, दुसरा शेजारच्या गावच्या शिवारात, तर तिसरा पाहुण्यांबरोबर वाट्याने केलेला. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील फळ छाटणीनंतर फवारणीची घाई असते. अशा वेळी ट्रॅक्टर रस्त्याने चालवत नेण्याऐवजी पिकअप, टेम्पो किंवा ट्रॉलीत घालून नेला जातो. दुरुस्तीसाठी नेतानाही हेच करावे लागते.

हे काम पाच मिनिटांचे, म्हणून त्याची फारशी तयारी कोणी करत नाही. गाडीचा फाळका पाडायचा, दोन फळ्या लावायच्या, चार माणसे आजूबाजूला उभी राहतात आणि ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत ट्रॅक्टर वर घेतला जातो. बहुतेक वेळा तो चढतोही. पण ज्या दिवशी चढत नाही, त्या दिवशी तो चालकाच्या अंगावर मागे उलटतो किंवा फळीवरून घसरून बाजूच्या माणसावर पडतो. हे का घडते आणि ते कसे टाळता येते, याची माहिती या लेखात दिली आहे.

धोका नेमका कोठे आहे?

ट्रॅक्टरचे वजन चारही चाकांवर सारखे नसते. मागच्या चाकांवर साधारण साठ ते पासष्ट टक्के व पुढच्या चाकांवर उरलेले असते. सपाट जमिनीवर याचा त्रास होत नाही. परंतु ट्रॅक्टर तोंड वर करून चढू लागला की वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात. त्यातच क्लच झटक्याने सोडला, किंवा मागचे चाक फळीच्या कडेला अडले, तर इंजिनचा सगळा जोर चाक फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे तोंड उचलण्यात खर्च होतो.

एकदा तोंड उचलले की वेळ फार थोडा असतो. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा ठिकाणी पोहोचतो, की तेथून क्लच दाबूनही तो खाली येत नाही. धोका ओळखून पाय क्लचवर जायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणजे ‘मी हुशारीने सांभाळीन’ हा भरवसा येथे उपयोगी पडत नाही. तोंड उचलणारच नाही, अशी व्यवस्था आधी करावी लागते.

हिशेब समजून घ्या

उदाहरणासाठी ८०० किलो वजनाचा ट्रॅक्टर घेऊ. पुढच्या व मागच्या आसातील अंतर १५० सें.मी., आणि वजनाचा मध्य मागच्या आसाच्या पुढे ५५ सें.मी. व जमिनीपासून ५५ सें.मी. उंचीवर धरला आहे. गाडीच्या हौद्याची उंची ३ फूट आहे. असा ट्रॅक्टर तोंड पुढे करून चढवला तर पुढच्या चाकांवर किती वजन उरते, ते तक्त्यात दिले आहे. शेवटच्या रकान्यात मागे २०० किलोचा रोटाव्हेटर उचललेला असून त्याच्या वजनाचा मध्य आसाच्या मागे ६० सें.मी. धरला आहे.

| रॅम्पची लांबी | खाली ओढणारा जोर (किलो) | पुढच्या चाकांवरील वजन (किलो) | रोटाव्हेटर असताना (किलो) |
|---|---|---|---|
| सपाट जमीन | ० | २९५ | २१५ |
| १२ फूट | २०० | २१० | ११५ |
| ९ फूट | २६५ | १८० | ८० |
| ६ फूट | ४०० | १०५ | ५ |

दुसऱ्या रकान्यातील जोर केवळ ट्रॅक्टरच्या वजनाचा आहे. तो काढण्याची रीत सोपी आहे. ट्रॅक्टरच्या वजनाला हौद्याच्या उंचीने गुणावे आणि रॅम्पच्या लांबीने भागावे.

वळवण्यावर ताबा राहण्यासाठी वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. ८०० किलोच्या ट्रॅक्टरला हा हिस्सा १६० किलो होतो. आता तक्ता पुन्हा पाहा. सहा फुटी फळ्यांवर नुसता ट्रॅक्टरही या नियमात बसत नाही. मागे रोटाव्हेटर असेल तर पुढची चाके जवळजवळ हवेतच असतात. क्लचचा एक झटका पुरेसा होतो. बारा फुटी रॅम्पवरसुद्धा रोटाव्हेटरसह चढवणे सुरक्षित नाही.

आपल्या ट्रॅक्टरचे नेमके वजन माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. त्या चाचणी अहवालात पुढच्या व मागच्या चाकांवरील वजन वेगवेगळे दिलेले असते. विक्रेत्याकडे त्याची चौकशी करावी.

मागच्या चाकांनी चढवा, तोंडाने उतरवा

यावरील उपाय म्हणजे जड बाजू नेहमी चढाच्या वरच्या अंगाला ठेवणे. म्हणजेच ट्रॅक्टर उलट्या गिअरमध्ये मागची चाके पुढे करून हौद्यात चढवावा, आणि उतरवताना तोंड पुढे करून खाली आणावा. असे केल्यास वजन पुढच्या चाकांकडे सरकते व ट्रॅक्टर मागे उलटण्याची भीती जवळजवळ राहत नाही. हौद्यात गेल्यावर जड बाजू केबिनकडे येते, हाही एक फायदा आहे.

परंतु मागच्या चाकांनी चढवायचे म्हणून आखूड फळ्या चालतील, असे समजू नये. वरच्याच उदाहरणात मागच्या चाकांवर १२ फुटी रॅम्पवर सुमारे ४१५ किलो, ९ फुटीवर ३८० किलो आणि ६ फुटीवर २९५ किलो वजन राहते. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये ओढणारी आणि ब्रेक लागणारी चाके हीच. बारा फुटी रॅम्पवर ४१५ किलोंच्या बळावर २०० किलोंचा जोर पेलायचा असतो. कोरड्या, खडबडीत रॅम्पवर ते जमते. नऊ फुटीवर पकड जेमतेम पुरते. सहा फुटीवर २९५ किलोंच्या बळावर ४०० किलोंचा जोर पेलावा लागतो आणि ते होणे नाही. चढताना चाके जागच्या जागी फिरतात आणि उतरताना ब्रेक दाबलेला असूनही ट्रॅक्टर घसरत खाली येतो. रॅम्प ओला किंवा चिखलाने भरलेला असेल तर पकड आणखी बरीच कमी होते.

फोर-व्हील ड्राइव्ह असल्यास ती चढवताना व उतरवताना चालू ठेवावी. त्यामुळे चारही चाकांची पकड मिळते. मात्र जड बाजू वर ठेवण्याचा नियम त्या ट्रॅक्टरलाही पाळावा.

रॅम्प किती लांब असावा?

हौद्याच्या उंचीच्या निदान चौपट. तीन फूट उंचीला १२ फूट, अडीच फूट उंचीला १० फूट. एवढे लांब रॅम्प जड होतात, ठेवायला जागा लागते, ही अडचण खरी आहे. त्यावर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग उंची कमी करण्याचा. शेताच्या कडेला पक्का, न ढासळणारा उंचवटा पाहून गाडीची मागची बाजू त्याला लावावी. हौदा व उंचवटा यांतील फरक दीड फूट राहिला तर ६ फुटी रॅम्पलाही एकास चारचाच चढ मिळतो. मात्र गाडी समपातळीत उभी असावी. ती केबिनकडे कलंडलेली असेल तर ट्रॅक्टर आत येताच पुढे धाव घेईल. ताज्या मातीच्या बांधावर किंवा पाटाच्या ओल्या कडेवर हा प्रयोग करू नये.

दुसरा मार्ग वस्तीवर कायमचा ओटा बांधण्याचा. समोरून दगडी बांधकाम, आत मुरूम ठोकून भराव, उंची हौद्याएवढी, रुंदी ८ फूट आणि मागे एकास सहा उताराचा मुरमाचा चढ. तीन फूट उंचीला हा चढ १८ फूट लांब होतो. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून केल्यास खर्च वाटला जातो. द्राक्षाचे क्रेट, खताच्या गोणी व जनावरे चढवण्यासही तो उपयोगी पडतो. ओटा व हौदा यांतील फटीवर जाड लोखंडी पत्रा टाकावा आणि तो सरकणार नाही असा अडकवावा.

रॅम्प कसा असावा?

१) घरातील फळ्या, जुने दरवाजे किंवा विजेच्या खांबाचे तुकडे वापरू नयेत. लोखंडी चॅनेलचे जोडीने केलेले रॅम्प उत्तम. प्रत्येक रॅम्प एकट्याने ट्रॅक्टरचे पूर्ण वजन पेलेल इतका मजबूत असावा, कारण ट्रॅक्टर तिरका झाला तर वजन एकाच बाजूला येते.

२) रुंदी मागच्या टायरपेक्षा निदान दोन-तीन इंच जास्त असावी आणि दोन्ही कडा उभ्या असाव्यात, म्हणजे चाक बाहेर जाणार नाही.

३) वरच्या बाजूला सळईचे आडवे तुकडे वेल्डिंग करून घ्यावेत. चिखल, शेण, तेल पुसून टाकावे.

४) वरच्या टोकाला हौद्यात अडकणारा आकडा असावा, आणि शिवाय रॅम्प साखळीने गाडीला बांधावा. चढताना चाके रॅम्पला गाडीपासून दूर ढकलत असतात. नुसता टेकवलेला रॅम्प याच वेळी निसटतो.

५) लांब रॅम्पच्या मध्यावर लोखंडी पाय किंवा ठोकळ्याचा टेकू द्यावा.

गाडीची निवड

छोट्या ट्रॅक्टरचे वजन साधारण ६०० ते १००० किलो असते. नोंदणी पुस्तकात गाडीचे भारासह एकूण वजन आणि रिकामे वजन दिलेले असते. दोन्हींतील फरक म्हणजे गाडीची क्षमता. ट्रॅक्टर ८०० किलो, रोटाव्हेटर २०० किलो, रॅम्प व माणसे धरून १२०० किलोंच्या आसपास भार होतो. पाऊण टन क्षमतेच्या लहान टेम्पोत तो घालू नये. फाळका पूर्ण लागेल इतकी हौद्याची लांबी हवी.

मागच्या टोकावर वजन आले की पिकअपच्या पाट्या दबतात, हौदा काही इंच खाली जातो आणि रॅम्प हलतो. म्हणून चासीच्या मागच्या टोकाखाली बोटभर फट ठेवून पक्का ओंडका लावावा. दोन चाकी ट्रॉली असेल तर जास्त काळजी घ्यावी. तिच्या मागच्या टोकावर वजन येताच पुढचा दांडा वर उचलतो, ओढणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात व त्याचे ब्रेक निकामी ठरतात. ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू दिल्याशिवाय तिच्यात ट्रॅक्टर चढवू नये. चढवल्यावर वजन ट्रॉलीच्या आसाच्या थोडे पुढे येईल असे ठेवावे.

चढवण्याची पद्धत

१) जागा सपाट व टणक निवडावी. वरून विजेच्या तारा जात नाहीत हे पाहावे. गाडीचा हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत.

२) रोटाव्हेटर, ब्लोअर, नांगर काढून ठेवावा. फवारणी टाकी रिकामी करावी. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो हलते वजन असते.

३) डाव्या व उजव्या ब्रेकचे पेडल लॉकने एकत्र जोडावेत. मशागतीत वळण्यासाठी आपण ते सुटे ठेवतो. रॅम्पवर एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो आणि चाक खाली उतरते. हे काम हमखास विसरले जाते, म्हणून सर्वांत आधी करावे.

४) सुरक्षा कमान असेल तर ती उभी करून लॉक करावी व सीट बेल्ट लावावा. मांडवासाठी दुमडलेली कमान उलटताना संरक्षण देत नाही. ज्या ट्रॅक्टरला कमानच नाही, त्यावर बेल्ट लावू नये.

५) रॅम्पमधील अंतर मागच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून लावावे. पुढच्या चाकांची रुंदी वेगळी असल्यास तीही रॅम्पवर बसते का, ते तपासावे. बसत नसल्यास जास्त रुंद रॅम्प घ्यावेत.

६) उलटे सरळ नेण्याची सवय नसेल तर आधी मोकळ्या जागेत सराव करावा. जमिनीवर फक्कीच्या दोन रेषा मारून ट्रॅक्टर २० फूट सरळ मागे नेऊन पाहावा. पाच-सहा वेळा न चुकता जमल्यावरच रॅम्पकडे वळावे.

७) खुणा करणारा माणूस एकच असावा. त्याने चालकाला दिसेल असे, रॅम्पपासून निदान दहा-बारा फूट बाजूला उभे राहावे. रॅम्पच्या रेषेत, खाली किंवा हौद्यात कोणीही थांबू नये. मुलांना दूर न्यावे. मात्र ‘थांब’ कोणीही म्हटले तरी थांबावे.

८) सर्वांत कमी वेगाचा उलटा गिअर व इंजिनचा वेग थोडाच वाढवलेला ठेवावा. दोन्ही चाके रॅम्पला एकाच वेळी लागतील असा ट्रॅक्टर सरळ आणावा. क्लच हळू सोडून एका दमात वर न्यावे. रॅम्पवर क्लच दाबू नये, गिअर बदलू नये, स्टिअरिंग फिरवू नये.

९) ट्रॅक्टर तिरका जाऊ लागला तर रॅम्पवर सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. थांबून, पुढच्या पहिल्या गिअरमध्ये आल्या वाटेने खाली यावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

बंद पडलेला ट्रॅक्टर माणसांनी ढकलून चढवणे सर्वांत धोक्याचे. १२ फुटी रॅम्पवरही २०० किलोंचा जोर सतत पेलायचा असतो आणि एकाचा पाय घसरला की सगळे चाकाखाली येतात. केबिनमागे पक्की बसवलेली विंच वापरावी. स्टिअरिंग व ब्रेकवर जाणकार माणूस असावा, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

आवळून बांधणे

हौद्यात गेल्यावर इंजिन बंद करावे, कमी वेगाच्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक लावावा, डिझेलचा कॉक बंद करावा. चारही चाकांना ठोकळे लावून ते सरकणार नाहीत असे पक्के करावेत.

गाडीने जोरात ब्रेक मारला तर ट्रॅक्टर त्याच्या वजनाच्या जवळजवळ पाऊणपट जोराने पुढे सरकू पाहतो. ८०० किलोच्या ट्रॅक्टरला हा जोर ६०० किलो होतो, आणि पुढे केबिन असते. म्हणून काथ्याच्या दोरावर विसंबू नये. साखळ्या व ताणणारे टर्नबकल, किंवा रॅचेटचे रुंद पट्टे वापरावेत. पुढच्या आसाच्या मजबूत भागापासून दोन व मागच्या ड्रॉबारच्या बाजूने दोन असे चार बंध चार कोपऱ्यांकडे ताणावेत. स्टिअरिंगच्या सळया, सायलेन्सर, बॉनेट यांना बंध घालू नयेत. रोटाव्हेटर वेगळा बांधावा. पाच-सात किलोमीटरनंतर थांबून सर्व बंध पुन्हा आवळावेत. वाटेत ट्रॅक्टरवर किंवा हौद्यात कोणालाही बसू देऊ नये.

उतरवताना

घाईमुळे येथे चूक होते. गाडीला ठोकळे, चासीखाली टेकू, रॅम्पची साखळी, जोडलेले ब्रेक पेडल आणि उभी कमान हे सर्व पुन्हा पाहावे. इंजिन चालू करून सर्वांत कमी वेगाचा पुढचा गिअर टाकावा, मगच शेवटचे बंध व ठोकळे काढावेत. खाली येताना इंजिनचा वेग कमी ठेवावा व क्लच दाबू नये. क्लच दाबताच ट्रॅक्टर मोकळा सुटतो. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरवू नये.

थोडक्यात महत्त्वाचे

- रॅम्प हौद्याच्या उंचीच्या चौपट लांब; नसेल तर उंची कमी करा.
- रॅम्प साखळीने गाडीला बांधा. गाडीच्या मागच्या टोकाखाली टेकू द्या.
- अवजार काढा, टाकी रिकामी करा, ब्रेकचे पेडल जोडा.
- मागच्या चाकांनी चढवा, तोंडाने उतरवा.
- रॅम्पवर क्लच, गिअर व स्टिअरिंगला हात-पाय लावू नका.
- चार बंध, चार चाकांना ठोकळे, आणि आसपास एकही माणूस नको.

ही सर्व तयारी पहिल्यांदा अर्धा-पाऊण तास घेईल. सवय झाल्यावर पंधरा मिनिटे पुरतात. गावात रॅम्पची एक चांगली जोडी सामाईक करून ठेवली, तर आखूड फळ्यांवर ट्रॅक्टर चढवण्याची वेळ कोणावरच येणार नाही.